मोरसला गेलेला खंडू

थेटेकाका तुम्हाला भेटले, तर ते तुमचं नाव विचारणार नाहीत. तुमच्या पणजोबांचं विचारतील. आमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं, की सामानाचा टेम्पो रिकामा व्हायच्या आत काका खाली हजर असतात आणि घामाघूम झालेल्या माणसाला म्हणतात, "पणजोबांचं नाव काय तुमच्या?" बहुतेक जण आजोबांपाशी अडकतात. मग काकांच्या चेहऱ्यावर जी दया उमटते, ती बघून तो माणूस संध्याकाळी गावाकडे फोन लावतो. मागे एकदा छातीत दुखतं म्हणून काका दवाखान्यात गेले होते. डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळत असतानाच काकांनी प्रश्न टाकला. डॉक्टरांना उत्तर येईना. काकांचं ब्लडप्रेशर नॉर्मल निघालं, डॉक्टर मात्र दिवसभर बेचैन होते, असं तिथल्या सिस्टरनं काकूंना सांगितलं.

काका नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. सगळी नोकरी दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातल्या चुका काढण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा हात रिकामे झाले, डोळा मात्र तोच राहिला. काकू भेंडी चिरायला बसल्या, की हे शेजारी उभे. "या दोन फोडी बघ, एका मापाच्या नायत." शेवटी काकूच वैतागून म्हणाल्या, "तुमचा तो खंडू शोधा एकदाचा, अन् माझा जीव सोडा."

खंडू म्हणजे काकांच्या खापरपणजोबांचा थोरला भाऊ. घरात चालत आलेली गोष्ट अशी, की बैलाच्या वाटणीवरून दोघा भावांची जुंपली आणि खंडू "मी मोरसला चाललो, आता तोंड दिसायचं नाय" असं सांगून जो गेला तो गेलाच. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या काळी तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला आपल्याकडची माणसं करारावर जहाजानं जात.

मी देवळाली कॅम्पच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, एवढाच माझा गुन्हा. "मॅडम, तिकडं दोन ओळी लिहायच्या हायेत," म्हणून काका वरच्या मजल्यावरून आमच्या दारात आले, त्याला आता तीन वर्षं झाली. त्या दोन ओळी अजून संपलेल्या नाहीत.

काकांचे दोन प्रश्न ठरलेले. कोणी काही सांगितलं, की पहिला प्रश्न, "ऐकीव का लेखी?" लेखी निघालं, की दुसरा, "प्लस-मायनस किती?" माझी आजी नव्वद वर्षांची होऊन गेली, असं मी एकदा सहज बोलून गेले. काकांनी जन्माचा दाखला विचारला. तो नव्हता. तेव्हापासून त्यांच्या लेखी माझी आजी नव्वद, प्लस-मायनस पाच.

एक दिवस तिकडच्या सरकारी दप्तरातून जहाजाच्या नोंदीची प्रत आली. खंडू, बापाचं नाव सखा, जिल्हा नाशिक, वय चोवीस, उंची पाच फूट चार इंच. आडनाव नव्हतं, आणि गावाच्या रकान्यात शाई सांडली होती. काकांच्या खंडूचा बापही सखाच. मी म्हटलं, "काका, त्या काळी आपल्याकडे दोन घरं सोडली की एक खंडू होता. सखा तर विचारूच नका."

"उंची बघा ना पण," काका म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात भावकीत लग्न होतं. काकांनी मांडवाच्या खांबाला टेप चिकटवली आणि आहेराला आलेल्या एकेका थेट्याला तिथे उभं केलं. नवरदेवही सुटला नाही. त्याला फेटा उतरवायला लावून मोजला, म्हणून मुलीकडची मंडळी जरा घाबरली होती. सगळे पाच फूट चार, प्लस-मायनस एक. "जमलं," काका म्हणाले. दुसऱ्याचा माल केसभर चुकला तरी परत पाठवणाऱ्या माणसानं स्वतःचा माल असा डोळे मिटून पास केला.

त्या बेटावर खंडूचा वंश वाढला होता आणि त्याचं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं होतं. माझ्या ईमेली फिरत फिरत मालती खंडू नावाच्या बाईपर्यंत पोचल्या. ती तिकडे नर्स आहे. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे बोलणं धड्यातलं. पहिल्या व्हिडिओ कॉलला ती हात जोडून म्हणाली, "आजोबा, मी आपणांस सविनय नमस्कार करते." काका म्हणाले, "जेवली का?" मग दर रविवारी सकाळी अकराला फोन ठरून गेला. काकू त्यासाठी चांगली साडी नेसून बसायच्या. काका सवयीनं फोन कानाला लावायचे, त्यामुळे मालतीला पहिले काही महिने त्यांचा कानच तेवढा नीट ओळखू यायचा.

एवढा आटापिटा कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "त्र्यंबकला गुरुजींच्या वहीत आमच्या घराचं पान हाय," काका म्हणाले. "बाप लिहून जातो, त्याच्याखाली पोरगं लिहितं. माझ्या बापाखाली मी लिहिलं. माझ्याखाली कोण लिहिणार? खंडूखाली ही मंडळी लागली, की पान पुढं चाललं." काकाकाकूंना मूल नाही. औषधं, नवस सगळं करून झालं होतं, हे काकूंनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग मालतीनं डिसेंबरचं तिकीट काढलं. ती यायच्या आधी पान एकदा तपासून ठेवावं, असं काकांच्या मनानं घेतलं, आणि मला घेऊन ते त्र्यंबकेश्वरला गेले. गुरुजींनी लाल कापडातलं लांबट बाड सोडलं. त्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या काकांच्या गावच्या नोंदी आहेत. काकांना न वाचता येणाऱ्या मोडीतल्या ओळींवरून बोट खाली आणता आणता ते थांबले. "थेटे, तुमचा खंडू इथं येऊन गेलाय की. खंडू सखा थेटे. बायको अन् दोन मुलगे बरोबर. मुक्काम इगतपुरी, आगगाडीच्या कामावर." पुढे साल होतं. त्याच साली मालतीचा खंडू त्या बेटावरच्या खानेसुमारीत मोजला गेला होता. तो कागद काकांच्याच फायलीत होता.

काकांचा खंडू मोरसला गेलाच नव्हता. भावानं शोधत येऊ नये म्हणून मोरसचं नाव घेतलं आणि एका दिवसाच्या वाटेवर इगतपुरीला जाऊन बसला. एरवी मी यावर आठवडाभर हसले असते. काका त्या पानाकडे बघत राहिले. "लेखी हाय," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी फोन वाजला तेव्हा काका बाथरूममध्ये होते. पुढच्या रविवारी गच्चीवर. काकू म्हणाल्या, "काय नका सांगू तिला. येऊ द्या पोरीला, चार दिवस राहू द्या." मलाही अगदी तसंच वाटत होतं. "चुकलेला माल पुढं धाडला नाय मी कधी," काका म्हणाले.

तिसऱ्या रविवारी त्यांनी स्वतःच फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मालती म्हणाली, "म्हणजे आपण माझे आजोबा नाही."

"नाय."

"तर मी येऊ नये काय?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "तिकीट ठेव. तुझा खंडू बी नाशिकचाच हाय. त्याचं गाव हुडकू आपण."

ती आली. पंधरा दिवस काकू तिला जेवू घालत होत्या आणि काका तिला गावोगाव हिंडवत होते. गाव काही सापडलं नाही. जायच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं त्र्यंबकला दर्शनाला गेलो, आणि मग गुरुजींकडे. आलेल्यांची नावं लिहायची तिथली रीत आहे. गुरुजींनी काकांचं लिहिलं, काकूंचं लिहिलं, मालतीचं नाव विचारून तेही लिहिलं आणि वर पाहिलं. "यांचं नातं काय लिहू?"

मालतीनं माझ्याकडे बघितलं. काकांनी घसा साफ केला. "त्याचं असं हाय गुरुजी," त्यांनी सुरुवात केली, "जहाजाच्या नोंदीत..."

"लेक लिहा," काकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्या वहीसमोर काकू कधी बोलल्या नव्हत्या. गुरुजींनी काकांकडे पाहिलं. आता दुरुस्ती येणार म्हणून मी काकूंचा हात धरला. काकांनी बायकोकडे बघितलं, मग स्वतःच्या नावाखालच्या त्या कोऱ्या जागेकडे.

"ठळक लिहा, गुरुजी," ते म्हणाले.

लेक म्हणजे काय, हे मालतीला सांगावं लागलं नाही. ती काकूंना बिलगली. मला तिथे थांबवेना, मी बाहेर आले आणि उगाचच सगळ्यांच्या चपला जोडीनं लावत बसले.