चंद्रभानकाकाचं विमान

त्या खंडेनवमीला मी तोंड बंद ठेवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तोंड बंद ठेवणाऱ्यांतला मी असतो, तर कॉलेजात तरी टिकलो नसतो का? (नामांतराच्या गोंधळात कॉलेज बंद पडलं. पुढं ते उघडलं. मी काही परत गेलो नाही.)

खंडेनवमीला आमच्या बोरीच्या घरात विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ पाटावर मांडतात, आणि मधोमध एक फोटो. माझ्या बापाचे चुलते, कै. चंद्रभान. विमानात बसलेले, डोळ्यांवर घमेल्याएवढा काळा चष्मा. खांद्यावर कुणाचा तरी हात. हात कुणाचा ते कळत नाही, कारण मनगटापाशी फोटो कापलाय.

"निजामाच्या राज्यात विमान उडवलं काकानं," बाप म्हणजे दिनकरराव दरसाल तेच सांगायचा. "जो पगार देईल त्याच्याकून लढायचा. चीन म्हणू नको, काबूल म्हणू नको. अन् हा हात गोऱ्या सायबाचा. शाबासकी द्यायलाय."

माझं डोकं फिरलं. विद्यापीठाचं नाव बदलू नये म्हणून बापासकट गावातली म्हातारी मंडळी पारावर घसा फोडत होती. ज्यांनी विद्यापीठाचं फाटक पाहिलं नाही, ती नावासाठी आडवी पडलेली. आणि स्वतःच्या खानदानाला मात्र चीन-काबूल चिकटवायला एका पायावर तयार.

"एवढं विमानवाल्यांचं घराणं हाय," मी म्हणालो, "तर मलाच धाडा की विमान शिकायला!"

हा टोमणा होता. पण बापाच्या हातातली कुंकवाची वाटी तशीच राहिली. डोळ्यांत पाणी.

"ऐकलंस का गं," तो आईला म्हणाला, "रक्त बोलायलंय!"

दिवाळीच्या आत हैदराबादच्या विमानशाळेची चौकशी झाली. फीसाठी विहिरीजवळचं रान विकायला काढायचं ठरलं. गिऱ्हाईक येऊन मातीसुद्धा चोळून गेलं. आई पार्वतीबाई तेवढी शुद्धीवर होती.

"माळवदावरच्या मिरच्या आण म्हणलं तर शिडी चढत न्हाई ह्यो. अन् इमान चालवायलाय!"

"भीतीचा प्रश्न न्हाई, तत्त्वाचा हाय!" मी ओरडलो. (मी पुढाऱ्याला भीत नाही, फौजदाराला भीत नाही. फक्त आडात वाकून बघायचं झालं की दोन्ही हातांनी रहाट धरतो. पण सगळ्या गावाला भित्रं म्हणणाऱ्यानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?)

म्हणजे उरला एकच मार्ग: काका वैमानिक नव्हताच, हे शोधून काढायचं. नाहीतर रान जाणार, आणि रानामागोमाग मी, वरून खाली.

चंद्रभानची बायको कस्तुराबाई अजून होती. झरीला, माहेरी. तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. (आमच्या खानदानात बायांना विचारायची पद्धत नाही. विचारलं तर उत्तर येतं.) मी बापाला म्हणालो, "काकाचा तो चष्मा आजीपाशी असंल. मागून आणू. शकुनाचा." बाप इतका खूश झाला की एस्टीत खिडकी मला दिली.

कस्तुराबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. बाप पाया पडला.

"काकू, पोरगं विमान शिकायलंय. काकाचा चष्मा द्या."

"कोणता चष्मा?"

बापानं पिशवीतून फोटो काढला. म्हातारीनं तो उन्हात धरला, आणि सूप बाजूला ठेवून हसायला लागली. तिला ठसकाच लागला.

"आरं दिनकर, हे जत्रंतलं इमान! लाकडाचं. चष्मा फोटोवाल्याचा. फोटो निघाला की काढून घ्यायचा अन् फुडच्याच्या नाकावर ठिवायचा."

"अन् हा सायब?"

म्हातारीनं आपला हात बापाच्या खांद्यावर टाकला. हातावर गोंदलेली तुळस. फोटोतल्या सायबाच्या हातावरही तीच तुळस; आम्ही तिला आजवर डाग समजत होतो.

"मी हाय ती. मागच्या शिटावर बसले व्हते. तुझ्या बापानं कात्रीनं कापली मला. म्हणं, बाईमाणूस इमानात शोभत न्हाई."

"पण काकू, काका पगारावर लढायचे ते तर खरं?" बाप कळवळून म्हणाला.

"लढायचे की. बांधाच्या भांडणात. ह्याच्याकूनबी घ्यायचे, त्याच्याकूनबी घ्यायचे, अन् पयली काठी उठायच्या आत पळायचे. म्हणून तर मी माहेरी आले." मग तिनं मला खालून वर न्याहाळलं. "ह्यो काय करतो?"

"काही न्हाई. कॉलेज सोडलं. थोरामोठ्यास्नी शिव्या देतो," बाप म्हणाला.

"मंग शोभतो चंद्रभानचा नातू."

हे मला झोंबलं. पण उरावरचा धोंडा असा उतरला होता की मी तिच्या तुरी पाखडून दिल्या.

परत येताना बाप एस्टीत फोटो मांडीवर पालथा घालून बसला. खानदान गेलं म्हणून रडेल असं वाटलं. बोरीचा थांबा दिसला तेव्हा त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

"रान वाचलं बाबा. खरं सांगू? तू वर गेला असतास तर मला खाली झोप लागली नसती." मग पिशवी आवरत म्हणाला, "उद्या रंगनाथासंगं बांधाचं भांडण हाय. आमच्याकून उभा राहशील का?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय देताल?"

बापानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर.

ठरलं चहा आणि भजे. सकाळी ते खाऊन बाहेर पडलो, तर शेजारच्या रानाचा रंगनाथ हॉटेलासमोरच उभा.

"पोरा, तू माझ्याकून उभा राह. भजे खातूस?"

आता गरम भज्यांना नाही कसं म्हणायचं?

बांधावर दोन्ही बाजूंची माणसं जमली. रंगनाथनं काठी उचलली, ती नुसती खांद्यावर घ्यायला. पुढचं मला आठवत नाही. एवढंच कळलं की एक चप्पल बापाच्या रानात राहिली, एक रंगनाथच्या, आणि धावताना पाय जमिनीला लागेनात. रंगनाथ काठी टाकून, हसत पोट धरून मटकन बांधावरच बसला. त्याच्या शेजारी बाप बसला. भांडण तिथंच मिटलं.

मागून बापाचा आवाज तेवढा येत होता:

"आरं, झरीला काकूस्नी निरोप धाडा! पोरगं उडालं!"