गुरुवारचं भांडण

आमचे शेजारी नानागुरुजी दर गुरुवारी सकाळच्या जीपने भांडायला जातात. त्या दिवशी त्यांचा उपास असतो, पण भांडण उपासाला चालतं असं त्यांचं मत आहे.

नाना पाथर्डीच्या एका शाळेतून निवृत्त झालेले. ते ज्याच्याशी भांडतात तो जालिंदर इथून तासाभरावरच्या वाडीत राहतो. ऊसतोडीला गेला असताना मोळ्यांनी भरलेल्या गाडीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. दसरा झाला की वाडीतली धडधाकट माणसं कारखान्यावर जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, शेरडं आणि जालिंदर.

अशा लोकांना घरी जाऊन भेटायचं, असं आमच्या गल्लीतल्या काही जणांनी ठरवलं होतं. बाकीच्यांनी बिस्किटांचे पुडे नेले. नाना हात हलवत गेले.

"आरं, त्याच्याशी जो तो गोडच बोलतो," ते मला म्हणाले. "इतक्या वर्षांत गड्याला कुणी साधं 'गप बस' म्हणालं न्हाई. मानूस जगंल कसा?"

एकदा मीही बरोबर गेलो. लिंबाखाली चाकाच्या खुर्चीत बसलेला जालिंदर जीप थांबायच्या आतच ओरडला, "आलं का ट्रॅक्टरवालं!"

विषय ठरलेला: ऊस वाहायला बैलगाडी बरी की ट्रॅक्टर. नानांनी जन्मात कोयता धरलेला नाही, पण म्हणून गप्प बसतील तर ते नाना कसले!

"तुमी कवा उसाच्या फडात गेल्ता व्हय गुरुजी?"

"मी चंद्रावरबी गेलो न्हाई. पन पोरांना शिकवलाच की!"

जालिंदरची आई शेवटी म्हणाली, "कुनी तरी हरा रं बाबांनो, च्या गार व्हतोय." पण हरायचं कुणी? चारला परतीची जीप आली. नाना वाक्य अर्धवट टाकून उठले. "उरलेलं पुढच्या गुरुवारी!" निकाल लागला की माणूस वाट बघायचं सोडतो, असं त्यांनी मला जीपमध्ये समजावलं.

परवा नाना मोरीत घसरले आणि उजवा हात मोडला. तरी गुरुवारी प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून निघाले. दुपारच्याच जीपने परत आलेले बघून मी ओट्यावर गेलो.

"लवकर आलात! जिंकलात वाटतं?"

"जिंकलो," नाना म्हणाले. चेहरा मात्र सुतकी होता. "मला बघितलं अन् म्हनला, 'तुमचंच बरोबर हाय गुरुजी. ट्रॅक्टरच बरा.' वर आईला सांगतो, गुरुजींच्या पाठीला उशी दे."

मला हसू आलं. नाना हसले नाहीत.

"ही गेल्यापासून घरात माझ्याशी कुनी भांडत न्हाई. मुलगा म्हनतो हो नाना, सून म्हनते हो नाना. तिथं एक मानूस 'न्हाई' म्हनायचा. आता त्यालाबी माझी दया यायला लागली."

मला फार वाईट वाटलं.

"खरंय नाना," मी म्हणालो.

"बघ. तुलाबी जमत न्हाई."

मग त्यांनी डाव्या हाताने खिशातून फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर कायम चालू.

"जालिंदर, प्लास्टर हाताला हाय, तोंडाला न्हाई. सकाळी काय बोललास ते मागं घे."

नाना फोनकडे बघत राहिले, मीही.

"गुरुजी," जालिंदरचा आवाज आला, "तुमाला ऊस अन् जवारीतला फरक कळतो का? आलं मोठं ट्रॅक्टर शिकवायला! या पुढच्या गुरुवारी, मग बघतो तुमाला!"

"येतो! तुला काय भितो का काय?" नाना खेकसले.

त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते. एक हात प्लास्टरात, दुसऱ्यात फोन. पुसायला हात मोकळा नव्हता, आणि 'पूस' असं मला म्हणायची त्यांची तयारी नव्हती.