रोहूचा बयाना

"मामाजी, आज ऑप्शन महाग झाले. उद्या शेअर बाजार जोरात हलणार!" निकेशने मोबाइलवरची नजर न काढता जाहीर केले.

"वर का खाली?" सासऱ्याने, धनराजने, जाळ्याला गाठ मारत विचारले.

"ते नाई सांगत. किती हलणार, एवढंच सांगते."

"मंग आमचा कोंबडा बरा. सकाळ झाली एवढं तं पक्कं सांगते."

माजरीच्या खाणीत नोकरी करणाऱ्या जावयाचा हा भरदिवसा अपमान होता. त्यात बायको पुनम माहेरी आल्यापासून बापाच्या बाजूची. ती म्हणाली, "बाबाले उद्या खरं करून दाखवा. नाई तं मोबाइलातला हा धंदा बंद."

निकेश कसला मागे हटतो! उद्याच तलावात धनराजचे जाळे पडणार होते. जाळे पडण्याच्या आदल्या दिवशी गावातले लोक रोहूसाठी धनराजकडे बयाना देऊन ठेवत. सकाळी ठरल्या भावाने मासा घ्यायचा. नको असेल तर बयाना सोडायचा.

"हाच तं ऑप्शन! बयाना महागला म्हणजे उद्या माशाचा भाव हलणार," असे म्हणून तो चौकशीला निघाला.

"गुणवंतराव, बयाना किती दिला जी?"

"काऊन विचारून राह्यला?"

"सहज."

खाणीतला माणूस उन्हात सहज विचारत फिरतो, हे गुणवंतरावांना पटेना. उद्या रोहूचा तुटवडा दिसतो, असे समजून त्यांनी दुप्पट बयाना देऊन आणखी मासे राखून ठेवले. ते कळताच कमळाबाईंनी तिप्पट दिला. बयाना चढतोय म्हणून निकेश पुन्हा विचारायला गेला, आणि तो विचारतोय म्हणून बयाना आणखी चढला.

"मामाजी, भाव जबर हलणार. लिहून घ्या!"

एवढी मागणी पाहून धनराजने दुसरेही जाळे बाहेर काढले.

सकाळी तलावाच्या पाळीवर रोहूंचा ढीग लागला आणि भाव धाडकन आपटला. लोकांनी बयान्यावर पाणी सोडले आणि तेच मासे स्वस्तात नेले.

"तुम्ही बयाना काऊन वाढवला जी?" कमळाबाई गुणवंतरावांवर खेकसल्या.

"जवाई विचारून गेला म्हणून!"

सगळे निकेशकडे वळले. तो मात्र घोटाभर चिखलात छाती काढून उभा होता.

"हलला का नाई भाव? बोल आता, पुनम!"

अंदाज तर खरा ठरला होता. धनराजचे मासेही विकले गेले होते आणि बयानेही त्याच्याकडेच राहिले होते. जावयाविषयी त्याला पहिल्यांदाच मनापासून माया वाटली.

"जवाईबापू," तो हळूच म्हणाला, "पुढच्या खेपेले दोन दिवस आधी या. घरोघरी विचारा लागते."