पाटोडी-रश्श्याचा पिक्चर

शूटिंग थांबवताना मनोहरभाऊ गावंडे "कट" म्हणत नसत. "वाढा!" म्हणत.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा समता कॉलोनीत ज्याला त्याला काहीतरी नवं काढायचं होतं. कोणी दवाखाना काढला, कोणी कोचिंग क्लास. माझे शेजारी मनोहरभाऊ नुकतेच रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी पिक्चर काढला. मारामारी नाही, गाणं नाही. नवरा, बायको, जेवणाचं टेबल आणि गप्पा.

"जेवताना मानूस खोटं बोलत नाही, भाऊ. तोंडात घास रायते ना!"

नवरा मी, बायको माझीच शालू. कॅमेरेवाला लग्नाचं शूटिंग करणारा. सवयीने तो आमचे चेहरे सोडून ताटांवर कॅमेरा फिरवी आणि मधेच म्हणे, "भैया, भाभी को एक कौर खिलाइए ना!"

जेवण खरंखुरं. पाटोडी-रस्सा मनोहरभाऊ स्वतः करत आणि दर टेकला पुन्हा गरम करून वाढत. संध्याकाळी पोट इतकं भरलेलं असे की माझ्याने बोलवत नसे.

सीन एवढाच. बायको विचारते, "काहो, माह्याशी लगन करून पस्तावा तं नाही झाला तुम्हाले?" उत्तर मात्र लिहिलेलंच नव्हतं.

"काय म्हणू?"

"मनातून निंगन ते म्हना."

माझ्या मनातून दर वेळी हसूच निघे.

पिक्चर पडला, असं कॉलोनीत अजून म्हणतात. त्या सीनची नक्कल करून मीच ते पसरवलं. पण तो पडला नाही. मनोहरभाऊंनी कोणाला दाखवलाच नाही. आणि पुढचं मी आजवर सांगितलं नाही.

शेवटी मी चिडून उठलो. "तुम्हीच बसा ना मग!"

ते बसले. शालूने विचारलं. त्यांनी घास उचलला आणि ताटात परत ठेवला.

"सुमन," ते म्हणाले. सुमनवहिनी त्यांची बायको. आदल्याच वर्षी गेल्या होत्या. "त्या दिवशी तू विचारलं, आन् मी म्हटलं, रस्सा वाढ. नाही झाला वं पस्तावा. कधीच नाही."

कॅमेरेवाला पहिल्यांदाच ताटं सोडून माणसाकडे बघत होता. "वाढा!" म्हणायला कोणी नव्हतं.

शालूने डोळे पुसले आणि न सांगता त्यांच्या ताटात रस्सा वाढला. तो केव्हाच गार झाला होता. मनोहरभाऊंनी तसाच खाल्ला, सगळा.