शांतूकाका खाली चाललेत

शांतूकाका पेडणेकरांच्या मोबाइलमध्ये कामांची यादी करायची इतकी ॲप्स आहेत, की त्यांतलं आज कुठलं उघडायचं याची यादी त्यांना कागदावर करावी लागते. तो कागद शर्टाच्या वरच्या खिशात असतो आणि मोबाइल पिशवीच्या तळाशी. असं उलटं का, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाले, "कागद सारखा लागतो गो."

आमच्या लालबागच्या टॉवरमध्ये ते अठराव्या मजल्यावर राहतात, आम्ही अकराव्या. याच जागेवर पूर्वी आमची चाळ होती, तेव्हा ते तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत होते आणि आम्ही त्यांच्या बरोबर खाली. काका गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरलेला माल कागदाशी ताडायचा आणि बरोबर असला की खूण करायची, यातच त्यांची सगळी नोकरी सरली. लग्न केलं नाही. "यादीत होतं, पण पार खाली होतं," असं सांगतात, आणि ऐकणारा हसला की आपणही हसतात.

आता एकट्या पेन्शनर माणसाला कामं ती कितीशी असणार? दूध, दळण, दाढी, दिवाबत्ती. त्यासाठी ॲप म्हणजे चार भांड्यांना मोलकरीण ठेवण्यासारखं. पण काकांना ॲप हवं होतं, आणि तेही पारखून. दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे यायचे. मी परळच्या एका ऑफिसात हिशेब लिहिते, कॉम्प्युटरवर लिहिते, एवढ्या भांडवलावर अख्ख्या टॉवरने मला मोबाइलची डॉक्टर ठरवलं आहे. काका खुर्चीत बसायचे, "अर्धाच कप" म्हणून पूर्ण कप घ्यायचे आणि पिशवीतून मोबाइल काढायचे. "नवीन आहे. फायनल नाही, ट्रायलवर आहे."

ट्रायलवर असणं हा काकांचा आवडता मुक्काम. टॉवरमधली जागा मिळून चार वर्षं झाली तरी ती ट्रायलवर आहे. गुडघ्याचा पट्टा ट्रायलवर आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुम्हीपण ट्रायलवर आहात.

ॲप नापास करायची त्यांची कारणं ऐकण्यासारखी असत. एका ॲपमध्ये काम झाल्याची खूण केली की पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडायचे. काका भडकले. "दळण आणलं तर अक्षता टाकतंय. मी काय बालवाडीत आहे?" दुसऱ्यात प्रत्येक कामाला महत्त्वाप्रमाणे रंग द्यावा लागे. दाढी लाल की पिवळी यावर त्यांनी इतका विचार केला, की दोन दिवस दाढीच केली नाही. तिसऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं की तुमचं या वर्षीचं ध्येय काय. काकांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "याला सांग, पेन्शन वेळेवर येते." चौथं तर एका शोकसभेत, सगळे दोन मिनिटं उभे असताना, मोठ्या आवाजात गाऊ लागलं. गेलेल्या माणसाला गाण्याची आवड होती म्हणून निभावलं.

एवढं सगळं झाल्यावर, कप खाली ठेवता ठेवता, ते दर वेळी एकच प्रश्न विचारत. अगदी सहज विचारल्यासारखा.

"यात दुसरा माणूस घालता येतो काय गो?"

"येतो की."

"तो मला काम लावू शकतो?"

"लावू शकतो, पण आधी तुम्ही त्याला बोलवायचं. मग त्याने नाव, ईमेल देऊन आत यायचं."

"म्हणजे एक काम सांगायला त्याने आधी अर्ज करायचा." काका मान हलवायचे. "कोण करणार? हे नाही चालणार."

मला याचा अर्थ लागत नसे. एका रविवारी मी वैतागून म्हटलंच, "काका, लोक ही ॲप्स घेतात ती कामं उरकायला. तुम्ही उलट दुसऱ्यांना आत बोलावताय." त्यावर ते म्हणाले, "तू नोकरी करतेस ना, तुला नाही कळायचं." आणि अर्धा कप चहा अजून मागितला.

आणि मग त्यांना हवं ते ॲप सापडलं. यात एक लिंक पाठवायची, ज्याच्याकडे लिंक असेल त्याने सरळ काम लिहायचं. नाव नाही, ईमेल नाही, परवानगी नाही. "फायनल," काका म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून सुट्टा मी पहिल्यांदाच ऐकला. आनंदाने ते बिस्किटही न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवरच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला. 'मी खाली जात आहे. कोणास काही हवे असल्यास येथे लिहावे.' आणि खाली ती निळी लिंक.

पुढचा अर्धा तास ग्रुपवर नुसता धुरळा होता. 'कोणीही लिंक उघडू नये.' 'आमच्या भावोजींचे असेच पैसे गेले, त्यातपण आधी मदतच करतो म्हणाले होते.' कुणी बँकेची सूचना टाकली, कुणी हात जोडलेला फोटो. शेवटी सेक्रेटरींनी फर्मान काढलं, 'पेडणेकर यांचा फोन हॅक झालेला दिसतो. कृपया त्यांना प्रतिसाद देऊ नये.'

मी ऑफिसला जायला खाली उतरले, तर हॅक झालेले पेडणेकर लॉबीतल्या सोफ्यावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर घडी घातलेल्या कापडी पिशव्या आणि हातात मोबाइल. वाट बघत होते.

"काका, ग्रुप बघितलात?"

"बघितला ना. मी फ्रॉड आहे." हसले. मग पिशव्यांच्या घड्या पुन्हा सारख्या करत राहिले.

मी शेजारी बसले. तेच बोलायला लागले.

"चाळीत मी खाली जायला निघालो की किती वेळ लागायचा, आठवतं? एकेक दार. शांतू, खाली चाललास तर कोथिंबीर आण. शांतू, हे कपडे लाँड्रीवाल्याकडे दे. शांतू, आमच्या बाबल्याला नाक्यावरून हाकलून घरी पाठव. जिना उतरेपर्यंत दोन पिशव्या भरायच्या. वैताग यायचा गो, देवाशपथ." त्यांनी लिफ्टकडे मान वळवली. "आता लिफ्टचं दार बंद होतं आणि एकदम खालीच उघडतं. मधे कोणीच नाही. सामान आणायला मी बाहेर पडतो, तर एक पिशवी अर्धीपण भरत नाही."

मी मोबाइल काढला, त्यांची लिंक उघडली. कोरी यादी समोर आली आणि मला लिहायला काही सुचेना. घरात सगळं होतं. काही संपलं तर दहा मिनिटांत दाराशी येतं. खोटंच काहीतरी लिहावं म्हटलं, तर हा माणूस जन्मभर माल ताडून खूण करणारा. खोटं काम त्यांनी लांबूनच ओळखलं असतं.

म्हणून मी आईला फोन लावला. तिच्याकडे साधा मोबाइल आहे, ग्रुपवरचा गोंधळ तिच्या गावीही नव्हता. "आई, शांतूकाका खाली बसलेत, बाजारात चाललेत," एवढंच म्हटलं आणि स्पीकर चालू केला.

"शांतू चाललो हा? मग सांगूक काय झाला?" आई मालवणीत कडाडली. "परवा त्या मोबाइलवाल्यान धाडललो नारळ कुजको निघालो. शांतू, येताना नारळ घेवन ये रे, वाजवन बघ. आणि सुके बोंबील. आणि माझी चप्पल तुटली हा ती शिवक न्यायची हा, वर येवन घेवन जा."

"वयनी, आदी सांगूक नको?" काका म्हणाले.

"माका काय म्हायत तू कधी जातंस ता? चाळीसारखो हय खय तुझ्या चपलांचो आवाज येता?"

काकांनी माझ्याकडे बघून बोट दाखवलं, लिहून घे. मी लिहिलं. नारळ, बोंबील, चप्पल. त्यांच्या मोबाइलवर ते एकेक उमटत गेलं आणि ते प्रत्येक ओळ वाचत गेले. मग उठले, वर गेले, चप्पल घेऊन खाली आले. मी अजून तिथेच होते, ऑफिसला उशीर व्हायचा तो झालाच होता.

फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"सुजाता, आईला विचार जरा. नारळ शेंडीवाला हवा की बिनशेंडीचा?"

चाळीत वीस वर्षं आमच्या घरचे नारळ त्यांनीच आणले होते. आई शेंडीशिवाय नारळ घरात घेत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.