माणसागणिक यकृत

माझे संभामामा कुणाला "कसे आहात?" असं विचारत नाहीत. "सांजच्याला कॉफी घेतली तर झोप लागती का?" असं विचारतात. टँकरवाल्याला विचारतात, एसटीत शेजारी बसलेल्याला विचारतात. एकदा सांत्वनाला गेलो असताना त्यांनी मयताच्या भावालाच विचारलं. मी सोबत होते. मी फरशीकडे बघत राहिले.

मामा लातूरला एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसतात. लातूर जिल्हा झाल्यापासून त्यांना कॉफी आणि गोळ्या मोडणारं यकृत समजावून सांगायला एक सोय झाली आहे.

"माय, यकृत म्हंजे आपली नवी कलेक्टर कचेरी. गोळी म्हंजे अर्ज. दोघांनी एकाच दिवशी दिला. एकाचा दुपारपर्यंत निकाली, दुसऱ्याचा पडून. का? तर त्या टेबलाला कारकूनच कमी."

"पण कमी का?"

"काहींना आईबापाकडनंच कमी आलेले असतेत. काही वयानं थकतेत, आजारानं थकतेत. आन् विडी ओढणाऱ्याचं उलटं. धूर आला की कॉफीच्या टेबलाला जादा भरती!"

कॉन्व्हेंटमध्ये मी या कारकुनांना एन्झाइम म्हणायला शिकले होते.

"म्हणजे कॉफीवरून सगळंच कळतं?"

"न्हाई, न्हाई. टेबल निराळं, कारकून निराळे. कॉफीचा चपळ आन् दुसऱ्या गोळीचा झोपाळू, एकाच माणसात. कॉफी आपली बोलायला बरी पडती."

मागच्या उन्हाळ्यात लातूरच्या विहिरी आटल्या. मामा रजा काढून मामींसह आमच्याकडे नांदेडला आले. त्याच आठवड्यात उदगीरहून पाहुणे मला बघायला आले. आम्ही बौद्ध, पत्रिका बघत नाही. जयभीम झाले, शिक्षण, नोकरी विचारून झाली आणि मामा खुर्ची ओढून पुढे सरकले. मला कळलं आता काय होणार.

"तीन कप घेतले तरी पडल्या पडल्या झोपतो," मुलगा अभिमानाने म्हणाला.

"वा! सिगरेट ओढता का?"

मुलाच्या आईने मुलाकडे बघितलं. मुलाने छताकडे बघितलं.

"किंवा घराण्यातनंच आलं असंल," मामा सावरून घेत म्हणाले.

"आमच्या घराण्यातनं काय आलंय?" मुलाचे वडील उठून उभेच राहिले.

आतून मामींचा आवाज आला, "अहो, पाव्हण्यांना पोहे तरी खाऊ द्या!"

पोहे अर्धे राहिले. पाहुणे गेल्यावर आई भावावर तुटून पडली. "दादा, पोरीचं लगीन हाय का तुझा दवाखाना?"

"पोरगा चांगला हाय की," मामा म्हणाले. "मी एवढंच बघून राहिलो, की उद्या दोघांतलं एक आजारी पडलं आन् म्हनलं, ही गोळी मला सोसंना, तर दुसऱ्यानं ते खरं मानावं."

मामींनी ताटल्या उचलल्या.

मामींना मागे क्षय झाला होता. गोळ्या मामांनीच दिल्या, खिडकीतून सगळ्यांना देतात त्याच, तेवढ्याच. मामी म्हणायच्या, पायाला मुंग्या येतात. मामा म्हणायचे, एवढे लोक खातेत, तुलाच बऱ्या मुंग्या येतेत! क्षय बरा झाला. मुंग्या थांबल्या आणि तळव्यांची जाणीवही गेली. मामींचं यकृत ती गोळी फार हळू मोडतं, हे उशिरा कळलं. ती अंगात साचत गेली होती आणि नसांना लागणारं जीवनसत्त्व तिने संपवलं होतं. जोडीला त्या जीवनसत्त्वाची साधी गोळी पुरली असती. आता मामा ती रोज स्वतःच्या हाताने देतात. डॉक्टर म्हणतात, नसा सावकाश सुधारतात. काही सुधारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा म्हणाले, "चला, विष्णुपुरीला पाणी बघून येऊ. लातुरात तर बघायला न्हाई." गोदावरी आटून काठापासून पार आत गेली होती, पण एका खडकापाशी गुडघाभर पाणी होतं. मामांनी मामींना खडकावर बसवलं, त्यांच्या चपला काढल्या, तळवे दोन्ही हातांत धरून पाण्यात सोडले आणि तसेच वाकून राहिले. कुणी बघतंय याची त्यांना पर्वा नव्हती. मीच इकडे तिकडे बघत होते.

"कसं लागून राहिलंय?" त्यांनी विचारलं.

मामी पाण्याकडे बघत नव्हत्या. त्या मामांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"गार हाय की," त्या म्हणाल्या. "लई गार."

मी नुकतंच त्या पाण्याने तोंड धुतलं होतं. उन्हाने ते चांगलं कोमट झालं होतं. मामांचे दोन्ही हात तर कोपरापर्यंत त्यातच होते.

"हाव ना," मामा म्हणाले. "मग बसू अजून थोडं."