झाडेजींची तिरपी गाडी

आमच्या लेआउटमध्ये जुनी बनियन फेकून देता येत नाही, ती झाडेजींना द्यावी लागते. महिन्या-दीड महिन्यानं ते घरोघरी फिरतात, फाटकाशी उभे राहून घसा साफ करतात आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "भाऊ, बनियन हाय का?" सहा वर्षांपूर्वी मी त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो, सामान अजून ट्रकमध्येच होतं, तेव्हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हाच. नाव नंतर विचारलं.

दिलेली बनियन ते तशीच घेत नाहीत. कडेचा एक धागा ओढतात, खिशातून काडेपेटी काढतात आणि धागा पेटवतात. "राख झाली तं सुती. गोळी झाली तं त्यात नायलॉन हाय. नायलॉन मले नाई चालत, चरे पडते." माझी पहिलीच बनियन नापास झाली. ती त्यांनी नीट घडी करून मला परत दिली, आणि नव्या दोन शेजाऱ्यांच्या देखत मला ती घ्यावी लागली.

या बनियनींनी झाडेजी त्यांची गाडी घासतात.

गाडी म्हणजे चाकांवरची एक खोलीच. सगळी ॲल्युमिनियमची, गोल खांद्यांची, रिवेटच्या रांगा मारलेली. जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची, वाटेल तिथं मुक्काम करायचा आणि आतच झोपायचं. झाडेजी उमरेडकडच्या कोळसा खाणीत वर्कशॉपचे फोरमन होते. खाण नवीन असताना कोणी परदेशी इंजिनिअर या गाडीत राहायचे म्हणे. ते गेले, गाडी शेडमागे काळी पडत राहिली आणि शेवटी भंगारात निघाली. झाडेजींनी ती घरी आणली. लेआउटमधले लोक तिला डब्बा म्हणतात, पण झाडेजींच्या समोर नाही.

उन्हाळ्यात नऊ वाजताच पत्रा हात लावू देत नाही, म्हणून ते साडेपाचला सुरुवात करतात. आधी पाण्यानं धूळ उतरवायची. मग महाल भागातल्या एका भांडी चमकवणाऱ्याकडून आणलेला मसाला बनियनीच्या बोळ्यावर घ्यायचा आणि हातभर जागा घासत बसायचं. बोळा काळाकुट्ट होतो. तो ते जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवतात. "काळं निघून राहिलं म्हणजे काम होऊन राहिलं!" हे त्यांचं जगातल्या सगळ्याच गोष्टींबद्दलचं मत आहे. माझ्या ऑफिसात एकदा चौकशी लागली, मी तोंड पाडून त्यांच्यापाशी उभा होतो, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. शेवटी थोडा मैदा भुरभुरवून, कोरड्या कापडानं पुसून घ्यायचं. झाडेजींकडे मैद्याचा खप मोठा आहे, पण त्यांच्या घरी कधी कोणी शंकरपाळे खाल्ल्याचं ऐकिवात नाही.

त्यांच्या अंगणात संत्रं सोलायला बंदी आहे. नागपुरात! रसाचा शिंतोडा उडाला की पत्र्यावर डाग पडतो. पाहुणा संत्र्यांची पिशवी घेऊन आला तर पिशवी फाटकाच्या खांबाला अडकते आणि पाहुणा एकटा आत जातो.

हे सगळं एक वेळ समजू शकतं. माणसाला छंद असतो. पण दोन गोष्टी काही केल्या कळत नव्हत्या. एक म्हणजे गाडी तिरपी उभी होती. घराच्या बाजूला चांगली मोकळी जागा, तिथं कंपाउंडच्या भिंतीला लावून ठेवली तर अंगण मोकळं होईल, पण नाही. चाकांना विटा लावून तिरपी, आणि विटांभोवती जमिनीवर पांढऱ्या रंगाच्या खुणा. दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. झाडेजी एकच बाजू घासायचे, आणि तीही घराकडची. त्या बाजूत बघून दाढी करून घ्यावी. रस्त्याकडची बाजू मात्र मळकट, राखाडी, वर पाखरांचे ओघळ.

"झाडेजी, लोकांना दिसते ती बाजू घासा की," मी एकदा म्हणालो.

"लोकाईले काय कराचं हाय?" ते म्हणाले आणि बोळा उलटा केला.

आता खरं ते सांगतो. मला झाडेजींचा राग यायचा. कारण त्यांच्या बायकोला, काकूंना, लकवा मारला होता आणि आम्ही राहायला येण्याच्या आधीपासून त्या आतल्या खोलीत अंथरुणावर होत्या. पडलेलं कोणी पाहिलेलं त्यांना आवडत नाही, असं झाडेजी सांगायचे, त्यामुळे माझी बायकोसुद्धा संक्रांतीचं वाण व्हरांड्यातूनच देऊन यायची. त्यांचं करायला एक बाई होती, बाकी सगळं झाडेजी. सकाळी मी माझ्या फाटकाशी उभा राहून दात घासायचो तेव्हा आतून स्टीलच्या वाटीवर चमचा वाजायचा. काकूंना पाणी हवं असेल, असं मी समजायचो. झाडेजी मान वर करायचे, गाडीच्या दुसऱ्याच एखाद्या जागी जायचे आणि तिथं घासायला लागायचे. आत जायचेच नाहीत! मी चूळ भरता भरता मनात म्हणायचो, आत बायको हाका मारते आहे आणि हा माणूस पत्रा घासतो आहे. बायकोलाही तसं सांगायचो. ती म्हणायची, आपल्याला काय कळतं. मला तर सगळंच कळत होतं.

या हिवाळ्यात माझ्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. स्वयंपाकाला जागा हवी म्हणून मी झाडेजींचं अंगण मागितलं. ते लगेच हो म्हणाले. अटी तीन. धूर गाडीवर जायला नको, संत्रं नको, आणि गाडीला कोणाचा हात नको.

त्या दिवशी सकाळी ते औषधं आणायला सदर बाजारात गेले. इकडे आचाऱ्याची मोठी भट्टी आली आणि ती काही बसेना. गाडीचं तिरपं टोक मध्ये यायचं. आचारी माझ्याकडे बघायला लागला. पाहुणे दोन तासांत येणार होते. मी आव बघितला ना ताव, म्हटलं, काढा त्या विटा. आचाऱ्याच्या चार माणसांनी जोर लावला आणि गाडी भिंतीला सरळ लागली. अंगण कसं ऐसपैस झालं! आतून वाटी वाजायला लागली. वाजतच राहिली. मी आचाऱ्याच्या माणसांना म्हणालो, लक्ष देऊ नका, ते रोजचंच आहे.

झाडेजी फाटकातून आत आले आणि औषधांची पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले.

"कोनं हालवली?"

"मी. एकाच दिवसाचा प्रश्न आहे, झाडेजी. संध्याकाळी होती तशी..."

"काहून हालवली?" त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "मी तुमाले सांगतलं होतं ना? हात नाई लावाचा म्हणून!"

आचाऱ्याची माणसं बघत होती. मला भलताच अपमान वाटला, आणि सहा वर्षांचं साठलेलं तोंडातून निघून गेलं. मी म्हणालो, "या पत्र्याची जेवढी काळजी घेता ना, तेवढी आतल्या माणसाची घेतली असतीत तर बरं झालं असतं."

आज लिहितानाही हे वाक्य खोडून टाकावंसं वाटतं.

झाडेजी चिडले नाहीत. वाटी वाजतच होती. "आत या," एवढंच म्हणाले.

मी चपला काढून त्यांच्यामागे गेलो. खोली स्वच्छ होती. खिडकीला लागून पलंग, पलंगावर काकू. वाळलेल्या, पण नीट विंचरलेल्या. उजव्या हातात चमचा. मला पाहताच त्यांनी डाव्या हातावर पदर ओढून घेतला. मी नमस्कार केला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग थांबत थांबत, जड जिभेनं म्हणाल्या, "तुमी तं डावरे हाय ना?"

"नाही हो काकू, मी उजव्या हाताचा."

"दात तं डाव्या हातानं घासता. रोज पायते मी. आन बुटके दिसता."

मी खिडकीकडे वळून पाहिलं. खिडकीबाहेर गाडीची ती घासलेली बाजू होती. आता सरळ लागलेल्या त्या बाजूत या घराची भिंत दिसत होती, हीच खिडकी आणि गजांमागे हा पलंग.

"सकाळपासून मीच दिसून राहिली मले," काकू म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

झाडेजी खिडकीपाशी उभे होते. "समोरच्या खोलीत पलंग टाकला असता, भाऊ. पन रस्त्यानं जाणारा-येणारा डोकावते. हिले पाहाचं राह्यते, दिसाचं नाई राहत. पत्र्यात कुठं धुरकट दिसलं का वाटी वाजवते." मग म्हणाले, "रिटायर झालो का हिले गाडीत बसवून रामेश्वरपर्यंत न्याचं ठरलं होतं. खाणीतून इथं आणली तेवढाच प्रवास झाला हिचा. आतमधी बसून आली, चाळीस-पन्नास किलोमीटर. हासत हासत."

मी बाहेर आलो आणि आचाऱ्याला हाक मारली.

भट्टी मी रस्त्यावर काढली. व्याही आले तेव्हा मुलीचा बाप झाडेजींच्या घरात खिडकीला नाक लावून उभा होता. बाहेर झाडेजी आणि आचाऱ्याची माणसं गाडी बोटबोटभर सरकवत होती, खुणांवर विटा बसवत होती, आणि आतून काकू सांगतील ते मी ओरडून सांगत होतो. फाटक आलं. कडुनिंबाचं खोड आलं. अजून थोडं. भाजीवाला थांबतो तो कोपरा आला. अजून. मग पत्र्यात, रिवेटच्या दोन रांगांच्या मध्ये, माझ्या घराचं दार आलं, झेंडूच्या माळा लावलेलं, आणि दारात नव्या साडीतली माझी मुलगी. जरा बुटकी, पण लखलखीत. काकूंनी वाटी एकदाच वाजवली. झाडेजींनी बाहेर हात वर केला आणि सगळे थांबले.

आता मी सकाळी दात घासायला शर्ट घालून जातो. माझ्या सगळ्या सुती बनियनी न मागता देऊन झाल्या आहेत, धागा मीच जाळून दाखवतो.

परवा झाडेजी नेहमीसारखे बोळा घेऊन बसले होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी ब्रश तोंडात धरला आणि त्या चमकत्या बाजूकडे बघून हात हलवला. तिथून मला नुसता काळोखा चौकोन दिसतो, खिडकीचा. क्षणभरानं वाटी वाजली. झाडेजींनी मान वर केली, उठले, डोळे बारीक करून पत्रा वरपासून खालपर्यंत तपासला. डाग कुठंच सापडेना. वाटी पुन्हा वाजली. ते मागे वळले आणि त्यांना माझा वर केलेला हात दिसला.

"हे माह्यासाठी नाई, भाऊ," ते म्हणाले. "हे तुमाले हाय."